उद्या म्हणजे कधी?

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा, पण अर्धी वाचून पुढे पाठवू नका. असं का म्हणतोय ते वाचल्यावर कळेल.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सातलाच फोन सुरू झाले. पहिला फोन आमच्याच गल्लीतल्या काकूंचा. "अरे, पाणी किती दिवस येणार नाही? ड्रम भरून ठेवू का?" मी अर्धवट झोपेत. म्हटलं, कसलं पाणी काकू? तर म्हणाल्या, "तूच बातमी दिलीस आणि तूच विचारतोस होय?"

व्हॉट्सॲप उघडलं. खरंच माझ्या नावाची बातमी फिरत होती. मथळा, 'उद्यापासून शहराचा पाणीपुरवठा बंद'. सोबत पाण्याच्या टाकीचा फोटो. बातमी शंभर टक्के खरी, मीच लिहिलेली. फक्त ती मे २०१३ मधली. तो दुष्काळ मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आमच्या तलावाचा तळ दिसायला लागला होता आणि दोन आठवडे नळाला थेंब नव्हता. आता कुणाला तरी कपाट आवरताना ते कात्रण सापडलं, त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि आठवण म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. फोटो काढताना वरची तारखेची ओळ कापली गेली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. रात्रीतून ते पंधरावीस ग्रुपांवर गेलं, आणि सकाळी नऊ वाजता पालिकेच्या गेटवर दोनेकशे माणसं. टँकरवाल्यांनी भाव वाढवून घेतला. पाणीपुरवठ्याच्या एका कर्मचाऱ्याची कॉलर धरली गेली. बिचारा ओरडून सांगत होता की पाणी चालू आहे, पण "तुम्ही लोक नेहमी असंच सांगता" म्हणून त्याचं कुणी ऐकेना.

गर्दीतला एक पोरगा शहाणा. त्याने खात्री करायची म्हणून कात्रणाचा फोटो एआयला दिला आणि विचारलं, खरं आहे का? उत्तर आलं, होय, या बातमीनुसार उद्यापासून शहराचा पाणीपुरवठा बंद राहणार आहे. खाली पाणी जपून वापरण्याच्या पाच सूचना, शुद्ध मराठीत. त्याचा स्क्रीनशॉटही फिरला. झालं, शिक्कामोर्तब. एआयसुद्धा म्हणतंय!

हा गोंधळ मिटवला चहाच्या टपरीवाल्या मामांनी. त्यांनी मोबाईल लांब धरून फोटो पाहिला आणि म्हणाले, "ही जुनी टाकी. ही पाडून किती वर्षं झाली? आता तिथं मेडिकल आहे ना?" दहा मिनिटांत गेट मोकळं.

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय. बातमी खोटी नव्हती. तिच्यातलं एक अक्षर कुणी बदललं नव्हतं. यंत्राने काही बनवून सांगितलं नव्हतं, कागदावर होतं तेच वाचलं. मग चुकलं काय? चुकला तो एक शब्द, 'उद्या'. या शब्दाला स्वतःचा अर्थच नाही. तो कोण म्हणतंय आणि कधी म्हणतंय हे कळल्याशिवाय तो रिकामा डबा आहे. आपण याला संदर्भ म्हणतो. घरातली म्हातारी माणसं आगापिछा म्हणायची. आगापिछा माहीत नसताना बोलू नये, हे लहानपणी किती वेळा ऐकलंय.

थोडं खोदल्यावर लक्षात आलं की हे दुखणं नवं नाही. त्यावर विचारही आपल्याकडे फार जुना आहे.

संस्कृतात एक नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. मालक नोकराला म्हणतो, सैंधव आण. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडासुद्धा. मालक जेवायला बसला असेल तर मीठ आणायचं, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. जेवणाच्या पानापाशी घोडा घेऊन आलेल्या नोकराने शब्द बरोबरच ऐकलेला असतो! पाचव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या भर्तृहरीने 'वाक्यपदीय' ग्रंथात, अनेक अर्थांच्या शब्दाचा नेमका अर्थ कशाकशावरून ठरतो, याची यादीच दिली आहे. सोबतचा शब्द, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल वगैरे. 'राम-लक्ष्मण' म्हटलं की हा राम दशरथाचा, कारण शेजारी लक्ष्मण आहे. 'राम-अर्जुन' असं वैरी म्हणून म्हटलं तर तो राम परशुराम आणि अर्जुन म्हणजे सहस्रार्जुन, कारण वैर त्या दोघांचं. ही यादी नीट पाहिली तर तिच्यात दोन जातीच्या गोष्टी आहेत. काही वाक्यातच सापडतात, शेजारच्या शब्दात. प्रकरण, देश आणि काल मात्र वाक्यात असतीलच असं नाही. ते बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अवतीभवती असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या इतिहासाकडे या. मोडी कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, लेखणी न उचलता सरसर ओढलेली ओळ. अक्षर ओळखून मोडी वाचता येत नाही. काय लिहिलेलं असू शकतं याचा अंदाज आधी असावा लागतो. त्यातून पेशवाईतल्या कितीतरी पत्रांवर तिथी आहे, पण सालच नाही! कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होतं. आपण तरी चिठ्ठीवर साल कुठे लिहितो? इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, वाईला सापडलेल्या पत्रांचा. पुढे १९३० च्या दशकात रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. या लोकांच्या श्रमाचा मोठा भाग एकाच कामात गेला. पत्र घ्यायचं, त्यात कोण जिवंत आहे, फौज कुठे आहे, लग्न कुणाचं ठरतंय हे बघायचं, जंत्री उघडायची आणि साल ठरवायचं. साल चुकलं की पत्र खरं असूनही इतिहास खोटा होतो.

आणि नावं! पत्रात 'दादा' म्हटलं की रघुनाथराव. 'भाऊ' म्हटलं की सदाशिवराव. आडनाव नाही, हुद्दा नाही. हे आपल्याकडे आजही तसंच आहे की. सांगलीत १९८३ साली 'दादा मुंबईला गेले' म्हणजे वसंतदादा. आमच्या तालुक्यात आज 'दादा नाराज आहेत' म्हटलं तर टपरीवर कोण बसलंय त्यावर तीन वेगवेगळे दादा निघतात. 'साहेब म्हणाले' या वाक्याचं तर विचारूच नका. शिवसैनिक, राष्ट्रवादीवाला आणि तहसीलमधला शिपाई, तिघांचे साहेब तीन. मी वीस वर्षं बातम्यांत हे शब्द बिनधास्त वापरले. वाचकांना कळायचं. आणखी पन्नास वर्षांनी ती कात्रणं कुणी वाचली तर त्याची अवस्था राजवाड्यांसारखी होणार.

पानिपतची ती सावकारी चिठ्ठी सगळ्यांना माहीत आहे. १४ जानेवारी १७६१ ला घात झाला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या आसपास त्यांना एका सावकाराचा जासूद सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात दोन मोती विरघळल्याचं, सत्तावीस मोहरा हरवल्याचं आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नसल्याचं लिहिलं होतं. त्रयस्थाने वाचलं तर एखाद्या पेढीवर दरोडा पडलाय असं वाटेल. नानासाहेबांना मात्र वाचता वाचताच कळलं. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, एक मुलगा, एक चुलतभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. चांदी-तांबं म्हणजे ज्यांची नावंही कुठे राहिली नाहीत ती माणसं. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत, जूनमध्ये पुण्याला पर्वतीवर गेले.

ही चिठ्ठी आज कुठल्याही एआयला दिली तर क्षणात अर्थ सांगेल. मी देऊन पाहिली, विश्वासरावांच्या वयासकट सांगितलं. म्हटलं वा! पण मग लक्षात आलं की ते नानासाहेबांसारखं वाचत नाहीये. गेल्या अडीचशे वर्षांत शेकडो लोकांनी या चिठ्ठीचा अर्थ लिहून ठेवला, तो त्याने वाचलाय. जानेवारी १७६१ मध्ये तो अर्थ कुठेही लिहिलेला नव्हता. उत्तरेत आपलं कोण आहे हे ज्याला माहीत होतं, त्याच्याच काळजात तो होता.

यंत्रांची गोष्ट सुरू होते ती १९५४ पासून. ७ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये आयबीएम कंपनी आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाने मिळून एक प्रयोग दाखवला. साठेक रशियन वाक्यं यंत्राने इंग्रजीत आणली. यंत्राकडे शब्द होते २५० आणि व्याकरणाचे नियम होते सहा. शीतयुद्धाचे दिवस, रशियन कागद भराभर वाचून हवे होते. तीन ते पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न सुटेल अशी भाषा सुरू झाली. पत्रकार तेव्हाही आत्तासारखेच होते. मथळे जोरात आले.

त्या उत्साहावर पाणी ओतलं येहोशुआ बार-हिलेल या माणसाने. हा स्वतः याच कामातला, एमआयटीत यंत्र-भाषांतरावर पूर्णवेळ नेमलेला पहिला संशोधक. १९६० मध्ये त्याने एक साधं उदाहरण मांडलं. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, आणि लहान पोराला खेळायला ठेवतात त्या कुंपणालाही 'पेन'च म्हणतात. पोराची खेळण्यांची पेटी हरवते आणि शेवटी 'पेन'मध्ये सापडते. कुठल्या पेनमध्ये? आपल्याला विचारच करावा लागत नाही, कारण पेटी लेखणीत मावत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण हे कुठल्या शब्दकोशात लिहिलंय? बार-हिलेलचं म्हणणं, यंत्राला हे कळायचं तर जगातलं सगळं ज्ञान त्यात भरावं लागेल आणि ती निव्वळ कल्पनेची भरारी आहे. १९६६ मध्ये अमेरिकन सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि यंत्र-भाषांतराचा पैसा आटला.

त्याच वर्षी एमआयटीतच जोसेफ वायझेनबाउमने 'एलिझा' नावाचा एक कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचाराच्या डॉक्टरासारखा बोलायचा. तुम्ही म्हणालात, आईची आठवण येते, की तो म्हणणार, आईबद्दल आणखी सांगा. त्याला आई म्हणजे काय हे माहीत नव्हतं. शब्द उलटून परत करायचा एवढंच. तरी लोक त्याच्याजवळ मन मोकळं करायला लागले. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तर त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तो हे पाहून हबकला आणि पुढे आयुष्यभर याच्या विरोधात लिहीत राहिला. यंत्राकडे संदर्भ शून्य होता. सगळा संदर्भ समोरच्या माणसाने आपल्या पदरचा घातला. पालिकेच्या गेटवर आमच्या त्या पोराचं दुसरं काय झालं? याला आपलं गाव माहीत असणार, हे त्याने आपणच गृहीत धरलं.

मध्ये एक अफाट प्रयत्न झाला. १९८४ पासून डग्लस लेनाट आणि त्याच्या माणसांनी व्यवहारज्ञान हाताने एकेक वाक्य करून यंत्रात भरायला घेतलं. पाणी ओलं असतं, मेलेला माणूस बाजारात जात नाही, अशा थाटाची लाखो वाक्यं. दशकं गेली. बार-हिलेल अशक्य म्हणाला होता तेच ही मंडळी नेटाने करत होती. मला या लोकांचं कौतुक वाटतं, जनगणनेला निघालेल्या मास्तरांसारखं. पण जग काही भरून संपेना.

वाट सापडली ती दुसरीकडेच, आणि तिच्या मुळाशी असलेल्या माणसाचा आपल्या उपखंडाशी संबंध आहे. जे. आर. फर्थ हा इंग्रज १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. पुढे लंडनला भाषाशास्त्राचा मोठा माणूस झाला. त्याच्यावर मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाचा प्रभाव. मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला आणि त्याला कळलं की तिथल्या लोकांचं बोलणं शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित केलं तर काहीच हाती लागत नाही. होडी कुठे आहे, कोण पुढे, कोण मागे, कोण कुणाला हिणवतोय, हे कळल्याशिवाय वाक्य मुकं आहे. १९२३ मध्ये त्याने प्रसंगाचा संदर्भ ही कल्पना मांडली. फर्थने ती उचलली आणि १९५७ मध्ये त्याला जोडून सांगितलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळा बांधतात, त्यातलाच प्रकार. वाण नाही पण गुण लागतो.

संगणकवाल्यांनी फर्थचा हा दुसरा भाग घेतला, कारण तो मोजता येतो. कुठला शब्द कुणाच्या शेजारी किती वेळा येतो ते मोजा, अर्थ आपोआप सापडेल. २०१३ मध्ये गूगलमधल्या मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी शब्दांना आकड्यांची रांग देण्याची झटपट पद्धत काढली. चूल, तवा, भाकरी जवळजवळ येऊन बसतात, आणि तहसीलदार, सातबारा, तलाठी दुसरीकडे. पण एका शब्दाला एकच रांग. म्हणजे 'पालिकेने कर वाढवला', 'लवकर काम कर' आणि 'कर जोडून उभा' यातले तिन्ही 'कर' एका पोत्यात.

२०१७ मध्ये गूगलच्याच आठ जणांनी तो शोधनिबंध लिहिला ज्यावर आजचं सगळं एआय उभं आहे. त्या आठांतल्या निकी परमार यांचं इंजिनिअरिंग पुण्यात झालंय, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. त्यांची युक्ती अशी, की वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या सगळ्या शब्दांकडे बघतो आणि कुणाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवतो. 'पालिका' आणि 'वाढवला' शेजारी दिसले की 'कर' घरपट्टीकडे झुकतो. भर्तृहरीच्या यादीतला पहिला भाग, सोबतचा शब्द, यंत्राने इथे पुरता आत्मसात केला.

किती पुरता, ते सांगतो. टेरी विनोग्राडने १९७२ मध्ये दिलेलं एक कोडं आम्हा तालुका पत्रकारांना फार जवळचं वाटेल. नगरपालिकेने मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण ते दंगलीला घाबरत होते. कोण घाबरत होते? पालिका. आता शेवट बदला, कारण ते दंगलीची भाषा करत होते. कोण करत होते? मोर्चेकरी. 'ते' तेच, पण माणसं बदलली, आणि व्याकरणात काही फरक नाही. पालिका आणि मोर्चे काय चीज असतात हे माहीत असेल त्यालाच उत्तर येणार. २०१६ मध्ये अशा कोड्यांची यंत्रांसाठी स्पर्धा झाली, तिथे पहिल्या आलेल्या यंत्राची ५८ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तरी जवळपास निम्मी येतात! आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच यंत्रं नव्वदीच्या पुढे गेली. बार-हिलेलचं पेनचं कोडंही आता ती सहज सोडवतात. अशक्य म्हणणारे शहाणे होते, पण या बाबतीत चुकले. उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. एका वेळी किती मजकूर समोर ठेवून विचार करता येतो तेही वाढलं. २०२० च्या जीपीटी-३ ला दोन हजारांच्या आसपास शब्दतुकडे झेपायचे, २०२४ पर्यंत दहा लाख झेपणारी यंत्रं आली. आमच्या साप्ताहिकाचे वर्षभराचे अंक त्यात आरामात मावतील.

मग त्या मंगळवारी काय झालं?

मी तेच कात्रण घरी शोधलं आणि तारखेच्या ओळीसकट यंत्राला दिलं. चटकन उत्तर आलं, ही बातमी २०१३ ची आहे, आजच्या परिस्थितीला लागू नाही. मग पुन्हा तारीख झाकून दिलं, पण प्रश्न बदलला, ही बातमी आजचीच आहे हे कशावरून? तर म्हणालं, फोटोत तारीख दिसत नाही, पालिकेकडून खात्री करून घ्यावी. म्हणजे शहाणपण त्याच्यात आहे. पण विचारल्याशिवाय ते बाहेर आलं नाही. मामांनी मात्र न विचारता टाकीकडे पाहिलं. ती टाकी पाडली तेव्हा धूळ त्यांच्या टपरीवर बसली होती, दोन दिवस धंदा बंद होता. 'जुनी टाकी पाडली' ही बातमी मी तेव्हा दिलीच नव्हती. चार ओळींची बातमी कोण देणार, म्हणून सोडली. त्यामुळे ती कुठल्याही कागदावर नाही, कुठल्याही यंत्रात नाही. मामांच्या डोक्यात आहे. आपल्या तालुक्यातला बहुतेक संदर्भ हा असाच आहे, अलिखित.

पण सगळं यंत्रावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. गेटवरच्या दोनशे जणांतले निम्मे त्या पाडलेल्या टाकीवरून रोज जातात. त्यांच्याकडे संदर्भ होता, त्यांनी तो वापरला नाही. घाबरलेला माणूस फोटो बघत नाही, मथळा बघतो.

आणि हे कॉलरवर थांबलं म्हणून मी हसत लिहितोय. १ जुलै २०१८ आठवतो? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होत्या. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात असा. तो मूळचा कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीतला. जाहिरातीच्या शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. राईनपाड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली होती, सोलापूरकडून भिक्षा मागत फिरत. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणतात. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

माझ्या आजोबांच्या पिढीला डवरी गोसावी कोण हे सांगावं लागत नव्हतं. डौर वाजवत दारात यायचे, पीठ घ्यायचे, आशीर्वाद देऊन पुढच्या गावाला जायचे. त्यांचे कपडे, त्यांची बोली, त्यांचं दारोदार फिरणं हीच त्यांची ओळख होती. दोन पिढ्यांत ती ओळख पुसली आणि तेच कपडे, तेच फिरणं संशयाचं कारण झालं. त्या बाजारात कुठलंही एआय नव्हतं. होती ती माणसंच. नंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच ठिकाणीही पुष्कळ झालं.

पेशवाईतली 'ध चा मा' ही कहाणी आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असं लिहिलेल्या कागदावर कुणीतरी 'मारावे' केलं म्हणतात. इतिहासकार त्या कहाणीला फारसा आधार देत नाहीत. पण त्या कहाणीत निदान कुणाला तरी लेखणी हातात घ्यावी लागली होती, अक्षर बदलावं लागलं होतं. कराचीच्या व्हिडिओत काहीच बदललं नव्हतं, फक्त शेवट कापला. माझ्या कात्रणात फक्त वरची ओळ.

आमच्या धंद्याचीही यात चूक आहे, ती कबूल करतो. मी बातमीत 'उद्या', 'काल', 'येत्या सोमवारी' असंच लिहीत आलो. डिप्लोमाला आम्हाला तसंच शिकवलं होतं, अंकावर तारीख असतेच म्हणून. अंक होता तोवर ठीक होतं. आता बातमी अंकातून सुटून एकटी फिरते. त्या मंगळवारनंतर मी प्रत्येक बातमीत पूर्ण तारीख घालतो. डेस्कवरचा पोरगा वैतागतो, म्हणतो, सर, मथळा दोन ओळींवर जातोय. जाऊ दे म्हटलं.

आणखी एक. ज्या साप्ताहिकात मी उमेदवारी केली त्याच्या जुन्या फायली वाळवी लागली म्हणून मालकांच्या मुलाने रद्दीत दिल्या. किलोच्या भावात. गावचा वीसेक वर्षांचा आगापिछा गेला. तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे गावाची जुनी कात्रणं, फोटो, निमंत्रणपत्रिका, पालिकेच्या निवडणुकीची पत्रकं असतील तर फेकू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. फोटोत कोण कोण आहे, मथळ्यातला 'दादा' कोणता, टाकी कुठली, तेही लिहा. मी ते सगळं स्कॅन करून एका जागी ठेवायचं ठरवलंय. रोज संध्याकाळी साडेसहानंतर मी मामांच्या टपरीवर असतो. ओळख पटवायला मामा आहेतच, फक्त ते चष्मा घरी विसरतात, तेव्हा फोटो जरा मोठा करून आणा.